सात जणांत नसलेलं नाव

विभावरी सबनीसची नोकरी गेली ती दोन हजार नऊच्या जानेवारीत, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. दुबईतल्या बांधकाम सल्लागारांच्या एका कंपनीत ती आठ वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होती. कुठला नकाशा कधी आला, कुणी पाहिला, कितव्यांदा बदलला, हे तिला फाइल न उघडता सांगता येई. ज्या टॉवरचे नकाशे ती सांभाळत होती तो चौदाव्या मजल्यावर थांबला आणि नकाशांची गरजच संपली. एचआरच्या मुलीने तिला आधी पाणी दिलं, मग पत्र दिलं.

तिचा व्हिसा नवऱ्याच्या, गुणवंतच्या नावावर होता, त्यामुळे देश सोडायची वेळ आली नाही. शिपिंग कंपनीतली त्याची नोकरी टिकली होती. "आईला एवढ्यात काही सांगायला नको," गुणवंत म्हणाला, "उगीच काळजी करत बसेल." म्हणून पुण्याहून सासूबाईंचा, मनोरमाबाईंचा, दर शुक्रवारी फोन आला की विभावरी ऑफिसच्या गोष्टी सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, एसी कसा बिघडला. हे रचणं तिला पहिल्या दोन आठवड्यांत जड गेलं, नंतर सवय झाली. सवय झाली याचंच तिला वाईट वाटे.

आभा, त्यांची अकरा वर्षांची मुलगी, जुन्या आइस रिंकवर शुक्रवारी सकाळी हॉकी शिकायला जायची. टर्म संपेपर्यंतची फी भरलेली होती. बाहेर ऊन तापत असायचं आणि आत आया शाली पांघरून बाकांवर बसलेल्या असायच्या. तिथेच विभावरीची हमदुल्लाभाईंशी ओळख झाली. ते रिंकचा प्लांट चालवायचे. बर्फाखालच्या पाइपांतून थंड खारं पाणी फिरवणारी यंत्रं, त्यांचे पंप, त्यांचे वॉल्व, सगळं त्यांच्या ताब्यात. आभाला ती एकदा मराठीत रागावली, "मोजे कुठे टाकलेस गं?" तेव्हा मागून आवाज आला, "वहिनी, पुण्याच्या काय तुम्ही?" ते स्वतः रत्नागिरीचे, मिरकरवाड्याचे. गल्फमध्ये यायच्या आधी मच्छीच्या होड्यांसाठी बर्फ बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी बारा वर्षं काढली होती.

"तिकडे लाद्या बनवायचो, इकडे जमीन बनवतो," ते म्हणायचे. "बर्फ तोच."

मुलांना शिकवायला एक कॅनेडियन म्हातारे यायचे, मिस्टर हॉलिस. एकोणसत्तर वर्षांचे, उंच, किंचित वाकलेले. पुलांचे इंजिनिअर होते. त्यांचाही प्रकल्प बंद पडला होता, पण अल मनखूलमधल्या फ्लॅटचा करार वर्षअखेरपर्यंत होता आणि व्हँकुव्हरजवळच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून ते राहिले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर धूसर डाग पडला होता. कडेकडेचं दिसे, त्यामुळे बर्फावर मुलांमध्ये ते सहज फिरत, पण अक्षर वाचता येत नसे. रिंकच्या फळ्यावरची नवी सूचना विभावरी शेजारच्या बाईला वाचून दाखवत होती, ते त्यांनी ऐकलं.

"तुम्ही स्वच्छ वाचता," ते म्हणाले. "मला वाचून दाखवाल? आणि मी सांगेन ते टाइप कराल? मी एक पुस्तक लिहितोय, पण माझे डोळे आता साथ देत नाहीत."

तासाचे पैसे ठरले आणि मार्चमधल्या पहिल्या रविवारपासून, शुक्रवार-शनिवारची सुट्टी सोडून, ती रोज सकाळी दहाला त्यांच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायला लागली.

पुस्तक होतं पश्चिम कॅनडातल्या पहिल्या धंदेवाईक आइस हॉकीबद्दल. विभावरीला वाटलं होतं की कॅनडा म्हणजे सगळीकडे बर्फच. हॉलिसनी मान हलवली. "आमच्या किनाऱ्यावर हिवाळाभर पाऊस पडतो. तळी गोठत नाहीत. तिथे हॉकी खेळायची म्हणजे तुमच्या कोकणात खेळायची."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीसशे अकरा साली दोन भावांनी वडिलांच्या लाकडाच्या धंद्यातला पैसा घातला आणि व्हिक्टोरिया आणि व्हँकुव्हर या दोन गावांत मोठमोठे हॉल बांधले. आत यंत्राने बर्फ बनवला. कॅनडात असा बर्फ त्याआधी कुणी बनवला नव्हता. व्हँकुव्हरच्या हॉलमध्ये दहा हजार माणसं बसू शकत, आणि तेव्हा अख्ख्या गावाची वस्ती लाख-सव्वा लाख होती. पूर्वेकडच्या जुन्या संघांतले नामांकित खेळाडू जास्त पगार देऊन आगगाडीने पाच दिवसांचा प्रवास घडवून आणले आणि एक नवी लीग उभी केली.

"अगदी दुबई," विभावरीच्या तोंडून गेलं.

हॉलिस मोठ्याने हसले. "म्हणून तर हे पुस्तक मला इथे सुचलं."

त्या लीगमध्ये एका बाजूला सात जण खेळायचे, हल्ली सहा खेळतात. गोलकीपरने बर्फावर लोळण घेऊन पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, अडवायला परवानगी, मैदानावरच्या निळ्या रेषा, असले कितीतरी नियम तिकडून आले. विभावरी टाइप करत गेली आणि कधी गुंतली तिलाच कळलं नाही. आठ वर्षं तिने इमारतींचे कागद लावले होते, आता माणसांचे लावत होती. घरी आभाला सांगायची, "गोलकीपर आधी खाली पडला तर त्याला शिक्षा व्हायची, माहितेय?" आभा म्हणायची, "दॅट्स सो डम, आई. दे वुड नेव्हर सेव्ह एनीथिंग."

पण पुस्तकाचं खरं कारण वेगळं होतं. हॉलिसचे आजोबा, टॉमस हॉलिस, या लीगच्या पहिल्या हंगामापासून खेळले होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं जात होतं. टेबलावर फ्रेममध्ये त्यांचा फोटो होता. संघाचे जाड स्वेटर घातलेली माणसं दोन रांगांत आणि डावीकडे कडेला टॉमस हॉलिस, स्वेटर तोच. ज्या लहानशा गावात हॉलिस वाढले तिथे नवी रिंक बांधली जात होती आणि तिच्या दारात गावच्या पहिल्या धंदेवाईक खेळाडूंचा फलक लागणार होता. आजोबांचं नाव त्यावर यावं, आणि पुस्तक त्याचा पुरावा म्हणून समितीला द्यावं, ही त्यांची इच्छा होती.

"माझ्या भाचीने तिकडच्या लायब्ररीतून जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स पाठवल्यात," ते एप्रिलमध्ये म्हणाले आणि तिच्यासमोर चार जाड पाकिटं ठेवली. "सामन्यांच्या बातम्या. नाव दिसेल तिथे थांबा."

ती वाचायला लागली. प्रत्येक बातमीखाली दोन्ही संघांच्या सात-सात खेळाडूंची यादी असे, बदली खेळाडूही असत. पहिलं पाकीट संपलं. दुसरं संपलं. हॉलिस डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत बसत. ती यादी वाचायला लागली की त्यांचा चेहरा पुढे येई, यादी संपली की मागे जाई.

मे महिन्यात एका सकाळी तिसऱ्या पाकिटात तिला नाव दिसलं. ती थांबली नाही. पुढची बातमी वाचायला लागली.

ती बातमी आठ ओळींची होती. तीन दिवस गरम वारा आणि पाऊस होता, बर्फ टिकेल की नाही अशी शंका होती. पण यंत्रघरातले कामगार टी. हॉलिस आणि त्यांचे दोन सोबती चाळीस तास कॉम्प्रेसरपाशी थांबले आणि सामना ठरल्या वेळी झाला. बस, एवढंच.

"काही मिळालं?" हॉलिसनी निघताना विचारलं.

"अजून नाही," विभावरी म्हणाली.

घरी आल्यावर तिने गुणवंतला सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस? तुझं काम वाचायचं आणि टाइप करायचं. म्हातारा माणूस आहे, त्याला त्याच्या आजोबांबरोबर सुखात राहू दे."

"अरे, पण वाचायचंच काम मी केलं नाही ना."

शुक्रवारी ती रिंकवर गेली तेव्हा त्या फ्रेममधल्या फोटोची, पुस्तकासाठी काढलेली, एक झेरॉक्स तिच्या पर्समध्ये होती. तिने ती हमदुल्लाभाईंपुढे धरली. "यातला खेळाडू कोण आणि कामगार कोण, ओळखता येईल?"

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद नाकाशी नेला. बराच वेळ पाहिलं. मग डावीकडच्या माणसावर बोट ठेवलं.

"हा आमच्यातला."

"कशावरून?"

"बूट बघा. बाकीच्यांच्या पायांत स्केट्स आहेत, याचे रबराचे गमबूट. आणि गळ्याला हे फडकं बघितलंत? लोकांना वाटेल रुमाल. अमोनियाच्या प्लांटवर माणूस असंच फडकं गळ्यात ठेवतो वहिनी. गॅस गळल्याचा वास आला की ओलं करायचं, तोंडावर ओढायचं, आणि वॉल्व बंद करायला आत शिरायचं. मिरकरवाड्याला आम्ही सगळे ठेवायचो. माझी अम्मी ते धुवायला वैतागायची." ते हसले. "पण स्वेटर दिलाय याला. म्हणजे संघाने मान दिलाय. आमचा फोटो कुणी काढत नाही."

रविवारी विभावरीने हॉलिसना आठ ओळी वाचून दाखवल्या. आधी सांगितलं की ही बातमी तिला मागच्या आठवड्यातच दिसली होती. मग बूट आणि फडक्याबद्दल सांगितलं.

हॉलिसनी फोटोची फ्रेम हातात घेतली. मग म्हणाले, "दुसरा कुणी टी. हॉलिस असेल."

"असेल. पण चार हंगामांच्या याद्या झाल्या, सर. खेळाडूंमध्ये हे नाव कुठेच नाही."

"तुम्ही निसटवलं असेल. एकदा दिसूनही सांगितलं नव्हतंत, आणखी किती वेळा असं केलंत? आणि माझ्या घराण्याचा फोटो तुम्ही रिंकवरच्या ऑपरेटरला दाखवलात?" त्यांचा आवाज चढला नाही. "पुरे झालं, मिसेस सबनीस. खलास. उद्यापासून येऊ नका."

लिफ्टमध्ये तिला रडू आलं नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा काम गेलं होतं. पण पहिल्यांदा गेलं तेव्हा तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि आता 'दिसूनही सांगितलं नव्हतंत' हे त्यांचं वाक्य खोटं नव्हतं. ती खरंच एक आठवडा बोलली नव्हती.

त्या शुक्रवारी पुण्याहून फोन आला. "काय म्हणतंय ऑफिस?" मनोरमाबाईंनी विचारलं.

विभावरीने तोंड उघडलं आणि गोष्ट काही रचली गेली नाही. "आई, ऑफिस नाहीये. जानेवारीतच गेली नोकरी. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

"मला माहितेय गं," मनोरमाबाई म्हणाल्या. "फेब्रुवारीत मी चुकून बुधवारी सकाळी फोन केला होता, घरचा फोन तूच उचललास. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

"मग मी इतके दिवस सांगत होते ते सगळं..."

"ऐकत होते. त्या एसीची गोष्ट मात्र तू दोनदा सांगितलीस."

विभावरी हसली, आणि मग तिला रडू आलं. गुणवंत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि आईशी बोलत गॅलरीत गेला.

हॉलिस त्या आठवड्यात मुलांना शिकवायला आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात आले, पण वेगळ्याच वेळी, आणि स्केट्स न घेता. ही हकिगत विभावरीला हमदुल्लाभाईंनी सांगितली.

"आले आणि म्हणाले, तुझा प्लांट बघायचाय. मी म्हटलं, यल्ला, चला, या. हात धरून खाली नेलं. त्यांना दिसतं थोडं, पण जिना अंधारा आहे. आतमध्ये आवाज मोठा. त्यांनी पाइपावर हात ठेवला, दवाने भिजलेला असतो ना तो, आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग विचारत बसले. गरम वारा आला तर काय करावं लागतं? किती जण लागतात? चाळीस तास थांबायचं म्हणजे काय होतं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते. पाय सुजतात. कान बहिरे होतात. आणि वर लोक टाळ्या वाजवतात तेव्हा आपल्याला ऐकू येत नाही, फक्त छत हलल्यासारखं वाटतं." हमदुल्लाभाई थांबले. "ते मग दोन तास बसले माझ्याजवळ. चहा पिऊन गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलिसचा फोन आला. "त्या आठ ओळी पुन्हा वाचून दाखवाल का?" आणि मग थोडं थांबून, "मी तुमच्याशी नीट वागलो नाही. तुम्हाला यायचं असेल तरच या."

ती गेली. तिने आठ ओळी तीनदा वाचल्या. मग पुस्तकाचा आराखडा नव्याने मांडला गेला. पहिलं प्रकरण आता खेळाडूंचं नव्हतं, बर्फाचं होतं. एक इंचाचे पाइप मैलोन्‌मैल, त्यांतलं खारं पाणी, वर वाळू, वाळूवर पाण्याचे पातळ थर, एकावर एक. जिथे हॉलिसना कळत नसे तिथे ते म्हणत, "हे मिस्टर हमदुल्लांना विचारा," आणि विभावरी शुक्रवारी प्रश्नांची यादी घेऊन रिंकवर जाई.

हॉलिसनी गावच्या समितीला पत्र लिहिलं. आजोबा खेळाडू नव्हते, यंत्रघरात होते, हे स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं नाव तशा उल्लेखासह फलकावर घेता येईल का, असं विचारलं. तीन आठवड्यांनी नम्र उत्तर आलं. फलक फक्त खेळाडूंसाठी आहे. क्षमस्व. विभावरीने ते वाचलं तेव्हा हॉलिसनी नुसती मान हलवली. "मीही असंच उत्तर दिलं असतं," ते म्हणाले, "मार्च महिन्यात."

ऑक्टोबरात ते लीगच्या शेवटाशी आले. पहिलं महायुद्ध, खेळाडू लढाईवर गेलेले, मग महागाई. पूर्वेकडे आणि अमेरिकेत मोठ्या शहरांचे संघ निघाले, त्यांच्यापुढे किनाऱ्यावरची लहान गावं टिकेनात. आधी ही लीग मैदानी प्रदेशातल्या दुसऱ्या लीगमध्ये विलीन झाली आणि एकोणीसशे सव्वीसमध्ये सगळंच मिटलं. मालकांनी खेळाडूंचे करार घाऊक विकले. संघच्या संघ अमेरिकेत गेले.

हे सांगता सांगता हॉलिस थांबले. खिडकीबाहेर एक क्रेन होती, सहा महिन्यांत ती हललेली विभावरीने पाहिली नव्हती.

"लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांना विकलं, मग तुम्हाला कुठे विकलं? ते लाकडाच्या गिरणीत काम करायचे तेव्हा. म्हणाले, मनासारखी बोली आली नाही, म्हणून मी घरी आलो. मला किती अभिमान वाटला होता! वाटलं, माझ्या आजोबांनी अमेरिकेला नाही म्हटलं." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "बर्फ बनवणाऱ्याला कोण विकत घेणार? खेळाडूंना विकलं म्हणजे त्यांची काही किंमत होती. आजोबांना नुसतं घरी पाठवलं. पंधरा वर्षांनंतर. ते लहान पोराला सांगायचं कसं? म्हणून त्यांनी खेळाडू व्हायचं ठरवलं."

विभावरीची बोटं कीबोर्डवर होती. "हे टाइप करू?" तिने विचारलं.

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "करा. पण 'खोटं बोलले' असं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"लिहा की, त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही काय केलंत. मीही नाही. मी फक्त विचारलं की कुठे विकलं."

तिने तसंच लिहिलं.

फ्लॅटचा करार संपला आणि दोन हजार दहाच्या जानेवारीत हॉलिस कॅनडाला परत गेले. फ्लॅट रिकामा करायला विभावरी आणि गुणवंत दोघं मदतीला होते. आभाने त्यांना टीमच्या सगळ्या मुलांच्या सह्या असलेली हॉकी स्टिक दिली आणि म्हणाली, "यू कान्ट रीड इट बट इट सेज थँक यू." त्यांनी प्रत्येक सहीवरून बोट फिरवलं. हमदुल्लाभाई ड्युटीमुळे येऊ शकले नाहीत, तर हॉलिस टॅक्सी वळवून रिंकवर गेले. तिथे दोघं काय बोलले ते टॅक्सीत थांबलेल्या विभावरीला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा हॉलिसचा उजवा तळवा ओला होता.

त्या वर्षी शारजात, रोल्ला भागातल्या एका शाळेत तिला लायब्ररीत काम मिळालं. ऑफिसपेक्षा पगार बराच कमी होता. पण मुलांना पुस्तकं शोधून द्यायला तिला आवडे, आणि एखादं मूल चुकीचं काही ठामपणे सांगायला लागलं की ती त्याला लगेच खोडून काढत नसे. आधी विचारायची, तुला हे कुणी सांगितलं?

पुस्तक दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात आलं. साठ प्रती छापल्या होत्या, हॉलिसनी स्वतःच्या खर्चाने. पाकिटात दोन होत्या, एकीवर तिचं नाव, दुसरीवर हमदुल्लाभाईंचं. त्यांना इंग्रजी बोलता येई, वाचायचा सराव नव्हता. म्हणून शुक्रवारी सकाळी यंत्रघराच्या दाराशी, खुर्च्या टाकून, विभावरी त्यांना पहिलं प्रकरण मराठीत सांगत बसली. एक-एक वाक्य मनात वाचायचं, मग सांगायचं. ते डोळे मिटून ऐकत होते. फडक्याचा उल्लेख आला तेव्हा "हां" म्हणाले. चाळीस तासांपाशी पाय लांब केले. मग एका ठिकाणी त्यांनी हात वर केला.

"थांबा. आकडा काय म्हणालात?"

"खारं पाणी उणे वीस अंशांवर ठेवत."

"छे छे. इतकं थंड केलं तर बर्फ काचेसारखा कडक होईल, तडे जातील. पोरं नुसती घसरून पडतील. उणे नऊ, दहा, बास. हे कुणी सांगितलं त्यांना?"

विभावरीने पान पाहिलं आणि तिला हसू आलं. "मीच टाइप केलंय हमदुल्लाभाई. तुम्ही तेव्हा उणे दहा सांगितलं असणार, माझ्याकडून चूक झाली."

"मग आता?"

"आता पेन्सिल आहे का तुमच्याजवळ?"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून दिली. आधी त्यांच्या प्रतीत आणि मग तिच्या प्रतीत विभावरीने आकडा खोडला आणि बाजूला नीट अक्षरात दुरुस्त केला. उरलेल्या अठ्ठावन्न प्रतींसाठी ती संध्याकाळी हॉलिसना पत्र लिहिणार होती.

"पुढे वाचा," हमदुल्लाभाई म्हणाले. "अजून दहा मिनिटं आहेत माझ्याकडे."